जरीबाचं पुस्तक

३ जानेवारी २००७

ह्यांनी दुकानातून बियाणे कंपनीची डायरी आणून दिली. आमचं बी-बियाण्याचं दुकान असल्यामुळे दरवर्षी घरात डायऱ्यांचा ढीग असतो, आणि दरवर्षी त्यांत दूधवाल्याचे खाडे लिहिले जातात. यंदा मी ठरवलंय की मनातलं लिहायचं. प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला गव्हाच्या पाण्याबद्दल आहे.

पिंपळगाव रेणुकाईहून आत्याबाई आल्या. तुळजाबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करून टाका. आत्याबाई म्हणाल्या, "काई कापून घ्यायचं न्हाई मला. जेवढं दिसतंय तेवढं बास हाय."

"बास कसं?" मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. "तुही सून सांगत व्हती, वरणात मिठाऐवजी साखर टाकली म्हणून."

यावरून दोघांचं जे वाजलं ते जेवणापर्यंत चाललं. मामांचं नाव पुंजाराम, वय शहात्तर, मोजणी खात्यातून निवृत्त, बोलणं मोजकं आणि पानसुपारीचीही सवय नसलेला माणूस. पण बहीण आली की मी शिकवते त्या दुसरीच्या वर्गातल्या पोरांसारखे भांडतात. मला ऐकायला आवडतं.

६ जानेवारी

आत्याबाईंनी आज ऑपरेशनला नाही म्हणायचं खरं कारण सांगितलं. त्या साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या, तेव्हा पन्नाशी उलटली होती. शिकल्या कशासाठी, तर एका पुस्तकासाठी. लहानपणी त्यांना ते मामा वाचून दाखवायचे. रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि वडिलांनी मामांना बुलढाण्याकडे नातेवाइकांकडे धाडून दिलं. गोष्ट अर्ध्यात राहिली. मामा परत आले तोवर आत्याबाईंचं लग्न होऊन गेलं होतं.

"अक्षरं शिकले, पण ते पुस्तक कुडंच घावलं न्हाई," त्या म्हणाल्या. "भोकरदनच्या वाचनालयात इचारलं, अंबडच्या जत्रंत इचारलं. मंग आता डोळे करून काय वाचू? पेपरातल्या मारामाऱ्या?"

मी म्हटलं, "आत्याबाई, पुस्तक मी शोधते. सापडलं तर ऑपरेशन करायचं. कबूल?"

"तू कुडून शोधती?"

"कॉम्प्युटरवर."

त्यांनी त्या खोक्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यातून म्हैस काढणार आहे. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिला नवीन घेतला, हा जुना माझ्याकडे राहिला. शाळेनं एमएस-सीआयटी करायला लावलं तेव्हा मी किती रडले होते, आणि आता माझ्यावाचून हेडमास्तरांचा एक तक्ता होत नाही. सांगायचं एवढंच की मला येतं.

७ जानेवारी

इंटरनेटवर मराठी पुस्तकवेड्यांचा एक ग्रुप आहे. ज्याला पुस्तकाचं नाव आठवत नाही त्यानं आठवेल तेवढं लिहायचं, मग कुठकुठले अनोळखी लोक ओळखून सांगतात. मी आत्याबाईंना शेजारी बसवून गोष्ट विचारली आणि टाईप केली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

गोष्ट अशी: एका राजाला आपलं राज्य केवढं आहे तेच ठाऊक नसतं. मोजायला कुणी धजत नाही. मग जरीबा नावाची एक पोर निघते. तिच्या कमरेला लोखंडाची लांब साखळी. तिच्या घोड्याचं नाव शजरा, आणि त्याच्या पाठीवर सगळ्या राज्याच्या रेघा उमटलेल्या. पण गिरदावर नावाचा राक्षस रोज हद्दीचे दगड हलवून ठेवतो. शेवटी तो साखळी पळवतो. जरीबा नदीकाठी उभी आहे, दगड सगळे हललेत, आणि आपलं घर कोणत्या बाजूला तेच तिला कळेना.

"तिथंच ऱ्हायली बगा ती," आत्याबाई म्हणाल्या. "साठ वर्षं झाली, नदीवरच उभी हाय बिचारी."

त्यांच्या आवाजावरून वाटलं की ती पोर खरोखरच आमच्या दुधना नदीवर ताटकळत असावी. मला एकदम भरून आलं. म्हणून सही करताना पूर्ण नाव घातलं: बेबीनंदा, जुना जालना.

१० जानेवारी

उत्तरं आली! पहिल्यानं विचारलं, बेबीनंदा हे खरं नाव आहे का टोपण? खरं आहे, आजीनं ठेवलंय, पुढे बोला. दुसरीनं 'शजरावर बसून' हे 'शेजाऱ्यावर बसून' असं वाचलं, आणि गोष्ट जरा चावट दिसते म्हणाली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की असंच होणार. एकानं पुस्तकाचा आकार, रंग विचारला.

आत्याबाई म्हणाल्या, "काळं, जाड पुठ्ठ्याचं. चित्र एक न्हाई. अन् भाऊ पुस्तक उलटं उघडायचा. मागून म्होरं वाचायचा. लई खोडील व्हता."

मी मामांना विचारलं, "मामा, पुस्तकाचं नाव आठवतं का हो तुम्हाला? वाचायचे तर तुम्हीच."

"न्हाई आठवत," मामा म्हणाले, आणि टोपी न घालताच बाहेर निघून गेले. मामा टोपीशिवाय मोरीतसुद्धा जात नाहीत. वय झालं, विसरतात.

१५ जानेवारी

तिळगूळ झाला. मामांना इंटरनेटचा नाद लागलाय. आधी म्हणाले होते, "अनोळखी लोकायला घरातल्या गोष्टी काहून सांगती?" आता रोज मी शाळेतून आले की पायातल्या चपला काढायच्या आत विचारतात, "आलं का काई उत्तर?" नाही म्हटलं की चेहरा खुलतो. मला धीर देत असावेत. एवढी माया त्यांनी आधी कधी दाखवली नव्हती.

काल म्हणाले, "बंद करून टाक आता. न्हाई घावायचं ते."

मी म्हटलं, "मामा, तुमच्या बहिणीचा डोळा आहे त्यात."

आत्याबाईंनी आज शेजारणीला सांगितलं, "मही भाचेसून हुशार हाय, ती आणतेच बग पुस्तक." आणि तेवढ्या भरवशावर ऑपरेशनला हो म्हणून टाकलं. डॉक्टरांनी तीस तारीख दिली. मी खुशीत लाडू वळले, आणि वळता वळता आठवलं. पुस्तक आहे कुठे?

१९ जानेवारी

नांदेडहून अण्णासाहेब नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं. तहसीलमध्ये नोकरी केलेले म्हातारे गृहस्थ आहेत. उत्तर इथे उतरवून ठेवते.

"ताई, हे गोष्टीचं पुस्तक नसावं. जरीब म्हणजे जमीन मोजायची साखळी. शजरा म्हणजे गावच्या शेतांचा नकाशा. गिरदावर म्हणजे आमच्या वेळचा महसूल निरीक्षक, आणि तो राक्षस होता हे मात्र बरोबर आहे. पुस्तक उलटं उघडायचे म्हणता, तर ते उर्दू असणार, ते उजवीकडून उघडतं. निजामाच्या राज्यात आमचं सगळं शिक्षण उर्दूतच झालं. मला वाटतं, तुमचे मामा मोजणीच्या परीक्षेचं पुस्तक वाचत असावेत."

दोनदा वाचलं. मग ओसरीवर नजर गेली. मामा खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते.

बाई बेबीनंदा, मोजणी खात्यातला माणूस घरात खुर्ची टाकून बसलाय आणि तू सगळ्या जगाला विचारत फिरतेस. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढावं म्हणते.

२० जानेवारी

आत्याबाई पोथी ऐकायला देवळात गेल्या तेव्हा मामांना चहा दिला आणि समोर बसले. अण्णासाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. मामांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"परीक्षेचं व्हतं," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचलं न्हाई तर मही माय म्हणायची, पोरगं झोपलं. म्हणून मोठ्यानं वाचायचो. ही चिमुरडी कंदिलापाशी येऊन बसायची. म्हणायची, काय लिव्हलंय? आता तिला काय सांगू, जरीब किती कड्यांची असती? म्हणलं, जरीबा नावाची एक पोर व्हती. दुसऱ्या दिशी पुन्हा हजर. मंग काय झालं? मंग म्या जो शब्द समोर येईल त्याचा एकेक माणूस करत गेलो."

मला हसू आवरेना. पण मामा हसत नव्हते.

"बेबी, साऱ्या नोकरीत म्या कुणाची बोटभर जमीन हिकडची तिकडं केली न्हाई. अन् सख्ख्या बहिणीला आख्खं राज्य खोटं दिलं."

"मग सांगून टाका ना त्यांना. हसतील आणि विसरतील."

"ती त्या पुस्तकासाठी अक्षरं शिकली. म्हातारपणी, पाटी घेऊन, नातवायच्या पंगतीला बसून. तिला काय सांगू? पुस्तकच नव्हतं म्हणून?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मग लिहा."

"काय?"

"पुस्तक. तुम्ही सांगा, मी टाईप करते. मोठ्या अक्षरांत छापून आणू."

मामांनी रिकामा कप पुन्हा उचलून आत बघितलं. मग म्हणाले, "शेवट मलाबी ठाव न्हाई."

२४ जानेवारी

लेखन सुरू. आत्याबाई दुपारी झोपल्या की आम्ही दार लोटून बसतो. ह्यांना सांगावंच लागलं, तर पोट धरून हसले. जेवताना वडिलांना हळूच "दादा, राक्षस कुठवर आला?" म्हणतात आणि मामा त्यांच्याकडे असे बघतात की पुढचा घास तसाच राहतो.

मामा अजून रिपोर्ट सांगतात. आजचं वाक्य: "सदर जरीबा ही मौजे राजधानीच्या पूर्वेकडील ओढ्यापर्यंत चालत गेली." मी म्हटलं, मामा, 'सदर' काढा. म्हणाले, "मंग कोणती जरीबा ते कसं समजावं?"

भांडून एक 'सदर' ठेवला. बाकीचे मी गुपचूप काढले.

३१ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली. ऑपरेशनच्या खोलीत जाताना आत्याबाईंनी माझा हात धरला. "बेबी, पुस्तक खरंच घावलं ना? मला भुलवू नको." मी म्हटलं, "सापडलंय, यायचंय." खोटं नव्हतं, अर्धं झालंच होतं. मामा बाकावर बसून होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आत्याबाई बाहेर येईपर्यंत परत घातली नाही.

डॉक्टरांनी चष्मा लागेपर्यंत वाचायचं नाही असं बजावलंय. आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. मामांनी आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

१२ फेब्रुवारी

शेवटावर गाडं अडलंय. जरीबा नदीवर उभी, आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उभे. मामांचं म्हणणं, राजपुत्र येतो, साखळी सोडवून आणतो, लग्न होतं. मी म्हटलं, एवढं राज्य एकटीनं मोजलं, आता शेवटी राजपुत्र कशाला? मामा म्हणाले, "पोर घरी नीट पोचली पाहिजे. आमच्या टायमाला पोर घरी पोचली म्हंजे गोष्ट सरायची." वडीलधारं माणूस, मी वाद घातला नाही. राजपुत्र आणला. लग्नात बुंदीची पंगत मात्र माझी.

अण्णासाहेबांनी ग्रुपवर विचारलं, पुढे काय झालं? मी लिहिलं, पुस्तक सापडलं, पण एकच प्रत आहे. त्यांनी लगेच उत्तर दिलं, "जपून ठेवा. लेखकालाही." हुशार आहेत.

२१ फेब्रुवारी

छापून, बांधून आलं. काळा पुठ्ठा, अक्षरं इतकी मोठी की भिंतीवर लावली तरी वाचता येतील. छापणाऱ्यानं विचारलं, लेखकाचं नाव? मामा म्हणाले, "नगं." मी आग्रह केला. मामा चिडले. "नाव घातलं तर ती वळखीन." शेवटी पहिलं पान कोरं सोडलं. जुनं पुस्तक आहे, नाव पुसलं गेलं म्हणायचं.

मी रात्रीच्या भाजीत मीठ टाकायचं विसरले, इतका आनंद झालाय.

२ मार्च

चष्मा आला, आणि आत्याबाईंना पुस्तक दिलं. त्यांनी ते आधी कपाळाला लावलं. मग मागून उघडलं. मी म्हटलं, आत्याबाई, हे पुढून आहे, ही मराठी प्रत. त्यांनी मान डोलावली. ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या. "ज...री...बा." आणि थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. ह्यांनी दुकानात जायचं टाळलं, दारातच टेकून ऐकत होते. मामा पेपर वाचत होते. तो त्यांनी तासभर उलटला नाही.

मी आज फार सुखात आहे, आणि लिहायला लाजत नाही.

५ मार्च

आज दुपारी वाचून संपलं. आत्याबाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"घोडा त्योच हाय," त्या म्हणाल्या. "राक्षसबी त्योच. पण लिव्हणाराला सांगता येत न्हाई."

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली.

"मह्या भावानं सांगितलं तवा जरीबा चालायची तर मह्या पायाला खडे टोचायचे. ह्यात नुसतीच चालती. अन् मधीच 'सदर' काय? सदर काय पोरीचं नाव असतं का?"

ह्यांना ठसका लागला आणि ते बाहेर पळाले. मी मामांकडे बघायचं टाळलं. पण पाहिलं, तर मामांच्या मिशा हलत होत्या. कुणी आपल्या लिखाणाला नावं ठेवली आणि माणूस इतका खूश झाला, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"अन् शेवट तर बिलकुल चुकलाय," आत्याबाई पुढे म्हणाल्या.

"काहून?" मामांनी विचारलं. "लग्न झालं की चांगलं."

"लग्न तर महंबी झालं. येवढं आख्खं राज्य मोजलं तिनं, भाऊ. उन्हातानात. दुसऱ्यायच्या हद्दी लावून दिल्या. अन् शेवटी तिच्या नावावर काय? कायबी न्हाई. एक वावर न्हाई. पुन्हा चालली लोकाच्या घरी."

"मंग काय पाहिजे व्हतं?"

"तिचा तुकडा. बापाच्या राज्यातला. तिनं स्वतः मोजलेला, तिचं नाव लावलेला. मंग नदीवरून तिला घर बराबर दिसलं असतं." मग हसल्या. "जाऊ द्या. लिव्हणारा बाप्या असंल."

मी चहा टाकला. चहा घेताना मामा एवढंच म्हणाले, "बराबर हाय. लिव्हणाराचं चुकलं."

६ मार्च

मामा शेवट दुरुस्त करायच्या मागे लागलेत. सकाळीच म्हणाले, "बेबी, शेवटचं पान काढून ठेव. दुसरं करायचं हाय." मी म्हटलं, सांगा, आत्ता टाईप करते. तर म्हणाले, आधी गावाकडं जाऊन येतो. अंबडकडचं वडिलोपार्जित शेत मामांच्या नावावर आहे, गावातला कडूबा ते बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. ह्यांच्याकडून त्यांनी शेताचा सातबारा मागून घेतला, माळ्यावरचा मोजणीचा जुना टेप काढून झटकला, आणि आत्याबाईंना म्हणाले, "लुगडं बदल, जल्दी चल. अन् आधारला काठी घे, बांधावरून चालायचंय."

"मी काहून?"

"मंग टेपाचं दुसरं टोक कोण धरीन?"

दोघं अंबडच्या बसनं गेली. मी डबा करून दिला, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. एका गोष्टीच्या शेवटाला सातबारा कशाला लागतो ते मला कळलं नाही, पण मामांना कागदाशिवाय काही सुचत नाही, नमुन्याला नेला असेल. आत्याबाईंचाही हवापालट होईल. मी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा बसच्या खिडकीतून त्या नव्या चष्म्यानं बाहेरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या, आणि मामा एकेक चूक सुधारत होते.

संध्याकाळी फोन आला. आत्याबाई होत्या. आधी नुसतं रडू ऐकू आलं, मी घाबरले. मग म्हणाल्या, "बेबी, बापाच्या वावरात मह्या तुकड्याला भावानं हद्दीचे दगड लावले. तुह्या त्या कॉम्प्युटरमधल्या लोकायला सांग. लिव्हणारा घावला."